वाघीण क्रमांक १००१०००२४५१

अजनी यार्डात, आजारी लाइनीवर उभी होती ती.
कोराडीला कोळसा ओतून आलेली, रिकामी,
मे महिन्यात हात लावला की चटका.
नववा आकडा गंजाने खाल्लेला.

निनावे बाबूंनी मांडीवर वही घेतली:
दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा. बेरीज आठ.
आठ त्रिक चोवीस.
विषम घरांत दिसतो तो एकटा एक. पंचवीस.
अकरावा आकडा साक्षीदार असतो,
पुढच्या दहाला किती कमी, तेवढंच बोलतो.
तो म्हणाला, एक.
म्हणजे एकोणतीस. म्हणजे गंजाखाली चार.

दहा अब्ज, एक कोटी, दोन हजार चारशे एकावन्न.

वाघीण दुरुस्त होऊन गेली, आकडा राहिला.
तिनाने जात नाही. साताने, अकराने, तेराने जात नाही.
"हा फुटून नाही राहिला ना बापा," ते म्हणत
आणि जुन्या याद्यांच्या पाठकोऱ्या कागदावर
पुढची मूळ संख्या घेत.
लाखाच्या आत त्या नऊ हजार पाचशे ब्याण्णव आहेत.
नऊ वर्षांत एकेचाळीस हजार ओलांडले,
सगळे रात्रपाळीला, चहाचा पेला कागदावरच,
म्हणून काही भागाकारांना गोल डाग आहेत.

मी करुणा तिरपुडे, नवीन लागलेली.
तिसऱ्या आठवड्यात कागद हाती आला
आणि मी सहज एकोणपन्नास मिळवून पाहिले.
समोर अख्खा वर्ग, १०००५० चा.
सात खाली, सात वर:
१०००४३ गुणिले १०००५७.

सांगावं की नाही, यात दोन पाळ्या गेल्या.
त्यांच्या वाटेवर हे दार नऊ हजार पाचशे पंच्याण्णवावं,
त्यापुढे फक्त एक उरत होतं.

सांगितलं.
बाहेर शंटिंग चाललं होतं. एक धक्का
डब्याडब्यातून लांबवर जाऊन थांबला,
तोवर ते बोलले नाहीत.
मग म्हणाले, "म्हंजे रस्ता बरोबरच होता ना पोरी.
मी पायदल होतो, इतकंच."

चष्मा पुसला.
"पण ह्या दोघी? ह्या फुटत नाहीत, हे कोणी पाहिलं?"

तीनशे सोळाच्या आत पासष्टच मूळ संख्या.
नवा पाठकोरा कागद, वर १०००४३.
दोन सोडून दिला त्यांनी,
तिनापासून सुरुवात केली.