चौदा नंबरचा डावा स्क्रू

व्हर्लीन एकतीस वर्षं मोज्यांचे चवडे शिवत होती.
मिनिटाला अठरा. बोलत बोलत.
दिराच्या घटस्फोटाची गोष्ट सांगताना वीस.

अलाबामातल्या आमच्या गावाच्या पाटीवर
तेव्हा एक हसरा मोजा रंगवलेला होता.

मार्चमध्ये होंडुरासहून डिल्सिया आली,
बावीस वर्षांची, उसन्या कोटात.
दोन आठवड्यांत तिला शिकवायचं;
शिकवलं तर निरोपाच्या हिशेबात सहा आठवड्यांचा पगार जास्त.
ओडेल म्हणाला, आपलीच कबर खणायची,
वर फावड्याचं भाडं मिळतंय.
व्हर्लीन काही बोलली नाही.
पोरीची बोटं हातात घेतली, बघितली,
आणि खुणेनं सांगितलं, नखं काप.

भाषा नव्हती. चौथ्या दिवशी हात बसला.
अकराव्या दिवशी डिल्सियानं फोनवर मुलगा दाखवला,
व्हर्लीननं नातू.
दोन्ही पोरं अनवाणी.

मग मशीनं लाकडी खोक्यांत गेली.
फरशीवरच्या तेलाच्या डागांवरून
अजून सांगता येतं कोण कुठे बसायचं.

पोटावर पाय येतो म्हणतात.
आला, तेव्हा त्या पायात मोजा आमचाच होता.

मोजे गेले, मोजणं राहिलं:
शाळेच्या बस अकरा होत्या, सात झाल्या.
दंतवैद्य गाव सोडून गेला.
ओडेल साठ मैलांवरच्या गोदामात रात्रपाळी करतो;
पेट्रोल वजा जाता काय उरतं, ते त्याची बायको सांगत नाही.
चर्चच्या तळघरात एक अर्थतज्ज्ञ येऊन बोलून गेला.
म्हणाला, एकूण बेरीज वाढली आहे.
असेल.
ही बेरीज राहते कुठे, असं मागून कुणीतरी विचारलं,
पण तोवर खुर्च्या आवरायला सुरुवात झाली होती.

नाताळच्या आधी, हायवेवरच्या मोठ्या दुकानात
व्हर्लीननं सहा जोडांचं पाकीट उघडलं, तिथेच, रांगेत उभी राहून.
किंमत पूर्वीचीच. पाच सेंटही कमी नाही.
एक मोजा उलटा केला,
शिवणीवरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

चौदा नंबर दमट हवेत टाका सोडतं.
डावा स्क्रू पाव फेरा सैल करावा लागतो.
हे कुठल्याच पुस्तिकेत नाही,
सुपरवायझरला तिनं कधी सांगितलं नाही.
पण खोक्याला खिळे ठोकायच्या आदल्या संध्याकाळी
झाकणाच्या आत तिनं एक कागद चिकटवला होता:
ढग, स्क्रू, बाण.

टाका कुठेच सुटलेला नव्हता.

'जमलंय?' मी विचारलं.
'उजवीकडे जरा ओढते अजून,' ती म्हणाली,
आणि पाकीट खिळ्याला परत लटकवलं.
चार पावलं गेली असेल.
मग मागे वळली, ते काढून घेतलं,
आणि नऊ डॉलर मोजले, सगळे सुटे.