वजनकाटा, खोर खुवैर

पहाटे साडेचारला मी काट्यावरची धूळ झाडतो.
रात्रभर डोंगर फुटत असतो, त्याचं पीठ
पत्र्यावर येऊन बसतं, गुपचूप.
बोट फिरवलं तर पांढरी रेघ, एवढंच.
पण पडद्यावर आकडा उमटलेला असतो:
चाळीस किलो.
ट्रक नाही, माणूस नाही,
चाळीस किलो.

आई मिशनच्या दवाखान्यात सुईण होती, राहुरीकडे.
पारड्यात आधी फडकं ठेवायची,
काटा शून्यावर आणायची,
मग लेकरू.
"फडक्याचं वजन लेकराच्या नावावर लिहायचं नाही रे, यशोदान."
दुष्काळातली लेकरं ती, मुठीएवढी.
पावभर जास्त लिहिलं असतं
तर सरकारी कागदावर सगळी गुटगुटीत झाली असती
आणि वरचा साहेबही खूश.

इथला दगड बंदरावर जातो, तिथून बोटीने
कुठल्या कुठे, समुद्र बुजवायला.
ट्रकमागे दोन टन वाढवून लिहायचे
हे ठरलेलं आहे, मी यायच्या आधीपासून.
दम कुणी देत नाही. मस्करेन्हससाहेब तर
खांद्यावर हात ठेवून, हसूनच सांगतात.
शुक्रवारी ते उपासनेला माझ्या पुढच्या रांगेत असतात.
गाणं म्हणतात. आवाज गोड आहे.
त्या आवाजात मला ढोंग ऐकू येत नाही,
हीच तर अडचण.

मीही लिहिले. लपवत नाही.
एकोणीस ट्रक, ऐन उपासकाळात.
थोरलीच्या नर्सिंगची फी होती, असं म्हणालो असतो,
पण फी भरून झाली होती.
पाकीट आलं. त्यातला दशांश मोजून
दानाच्या पिशवीत टाकला,
तुलाही भागीदार करून घेतलं.
पिशवी पुढच्या रांगेत गेली.
खोलीवर येऊन भात टाकला.
भात नीट शिजला.
त्याचीच भीती वाटली.

जन्नत गुल वझीरिस्तानचा.
काट्यावर ट्रक चढवला की खाली उतरतो,
दहा पावलं लांब जाऊन उभा राहतो, भर उन्हात.
बाकीचे वरच बसतात, एसी लावून.
"उतरतोस कशाला रे?"
"मी काय दगड आहे?" तो म्हणाला.
"माझं वजन दुसरीकडे व्हायचंय."
आणि खोक्याचा पुठ्ठा अंथरून
मावळतीकडे तोंड करून उभा राहिला.

त्या ट्रकचं मी लिहिलं: बेचाळीस टन, तीनशे साठ.
होतं तेवढं.
मागच्याचंही होतं तेवढं.
हात थरथरला म्हणावं तर तसंही नाही;
पेन संपत आलं होतं, दोनदा गिरवावं लागलं.

आता माझ्या खुर्चीत कडप्प्याचा एक पोरगा आहे.
मी बाहेर, झाडूवर. पगार सहाशेने कमी.
फोनवर बायको बराच वेळ गप्प होती,
मग म्हणाली, "जेवलात का?"

मी शून्य करून देतो,
त्या शून्यावर तो दोन टन चढवतो, दर खेपेला.
मला काचेतून दिसतं. तुला तर दिसतंच.
तू काय करणार आहेस ते मी विचारत नाही,
म्हणजे, विचारतो, पण रात्री.
मी काही फार स्वच्छ नाही, प्रभू.
केसांत तीच धूळ, पापण्यांवर तीच,
आणि ते पाकीट अजून गादीखाली आहे,
नऊ भाग शिल्लक,
कुणाला परत करायचं ते कळत नाही.

आज शुक्रवार. आधी झाडून घेतो.
कोपऱ्यात थोडं राहिलंय: दहा किलो.
खाली वाकून, फुंकर घालून: पाच.
पहिला ट्रक दिवे लावून उभा आहे.
पोरगा खिडकीतून हात बाहेर काढतो,
त्याला म्हणतो, थांब.
शून्य येऊ दे.