कोटेशन

होमराज बारसागडेने बिलबुकाच्या पाठीवर लिहून दिलं:
प्रोसेसर, बोर्ड, सोळाची रॅम, एसएसडी पाचशेची,
आणि खाली, दोनदा अधोरेखित, ग्राफिक कार्ड.
"ताई, याले तीन पंखे हायेत."
जसा काही उन्हाळा विकून राहिला.

ब्रम्हपुरीच्या त्या दुकानात
काचेच्या डब्यात निळा-जांभळा उजेड फिरत होता.
मी पाहिला. सुंदर होता,
खोटं कशाला बोलू.

माझ्याकडे बेचाळीस हजार.
त्यातले अकरा नाकाडेंच्या नाटक कंपनीचे, आगाऊ,
कारण धान कापून झालं, मंडई भरली
की आमच्या वडशाच्या भिंतींना डोळे फुटतात.
फाटकापासून बसस्टँडपर्यंत नायिका रडतात.
त्यातले निम्मे अश्रू माझे,
म्हणजे मी काढलेले, एकेक थेंब, माऊसने,
रात्री दीडला, लाइन असली तर.

जुनं मशीन वीस बाय दहाचं बॅनर सेव्ह करतं
तेवढ्यात भात होतो.
कुकर लावते, एंटर दाबते,
तिसऱ्या शिटीला दोघांपैकी एक तयार असतं.
तर रॅम हवीच. रॅमवर वाद नाही.

पण मी पिशवीतून काढला
मागच्या सीझनच्या फ्लेक्सचा तुकडा, वीतभर.
शेवंता कुमरे. मुख्य भूमिकेत.
स्क्रीनवर तिची साडी कुंकवाची होती,
छापून आली विटेची.
आणि चेहरा...
नाकाडे म्हणाले होते, "जराशी गोरी करा ना, पब्लिकले आवडते."
मी म्हटलं, पब्लिक कोणत्या रंगाची आहे, भाऊ?
हट्टाने ठेवला तसाच.
फ्लेक्सवर उरले डोळे आणि दात. बाकी डांबर.

चूक हट्टाची नव्हती.
बंद पडलेल्या कॅफेतून बाराशेला आणलेला तो मॉनिटर
सगळंच उजळ दाखवतो,
सोयरीक जुळवणाऱ्या माणसासारखा.

शेवंता आली होती पाहायला.
"मा माय, माह्या तोंडावर तं अमावस पडली," म्हणाली, हसली,
आणि हसून झाल्यावरही
फाटक उघडेपर्यंत तिथेच उभी.

"हे तिन्ही चालू करा," मी होमराजला म्हटलं.
पेनड्राईव्हमध्ये एकच फोटो नेला होता:
शेवंता, रंगमंचामागे, तोंड धुतलेलं,
केस काळे, ब्लाऊज काळा, मागचा पडदा काळा.

पहिल्यावर एक मोठा डाग, त्यात नथ.
दुसऱ्यावर तिला हळद लागलेली.
तिसऱ्यावर
केस पडद्यापासून सुटले.
कपाळ तांबूस, गालाखाली जांभळट,
मानेशी पिकल्या जांभळावर असते तशी धुरकट साय,
आणि डाव्या भुवईत जुनी खोक.
वर्षभर हा चेहरा कापते, चिकटवते मी.
खोक कधी दिसली नव्हती.

होमराज हिशेब विसरून पाहत राहिला.
"कोन आहे हे?"
मग, आठवण झाल्यासारखा,
"हा सतराचा आहे. मंग कार्ड नाई बसत, ताई."
कार्डाशिवाय?
"चालते. बोर्डातलंच ग्राफिक. पन हळू."
हळू जमतं मला.

त्याने तीन पंखे खोडले,
त्या जागी छोटासा यूपीएस लिहिला,
माऊसपॅड फुकट दिलं, वर ड्रॅगन.

बाकीचं मंगळवारी येईल.
मॉनिटर मी मांडीवर घेऊन आले.
आरमोरीत गर्दी चढली,
कंडक्टर म्हणाला, खोकं वर टाका.
नाही टाकलं.
कोपरांनी धरून बसले, आणि मनात एकच:
ती खोक ठेवायची की मिटवायची,
हे नाकाडेंना नाही,
तिला विचारायचं.