चकाकी एकाच बाजूला

श्रीजाचा फोन येतो तेव्हा सोहारला नऊ वाजलेले असतात,
लांज्यात साडेदहा. उद्या तिची चाचणी.
"बाबा, एकरूप आणि समरूप यात फरक काय?
बाईंनी सांगितलं, पण डोक्यात शिरत नाही."

मी दिवसभर अष्टकोन कापलेत,
नखांत अजून पांढरी भुकटी आहे.
सांगतो: एक फरशी दुसरीवर ठेव,
कडेने बोट फिरव.
बोट कुठेच अडलं नाही, की समज एकरूप.
गुलबहार उस्ताद तर डोळे मिटून फिरवतो,
अर्धा मिलिमीटर त्याच्यापासून लपत नाही.

"आणि पालथी ठेवली तर?"
पुस्तक म्हणतं, चालेल. तरीही एकरूपच.
पण पोरी, आमच्या फरशीला चकाकी एकाच बाजूला असते.
डाव्या कोपऱ्याचा तुकडा उजव्यात बसतो खरा,
फक्त तोंड भिंतीकडे करून.

(गेल्या रमजानात असे चाळीस तुकडे मी उलटे कापले.
पगारातून गेले. हे तिला सांगत नाही.)

समरूपाला कागद लागतो.
बिजूच्या टेबलावर मशिदीचं अख्खं अंगण मावतं,
वीतभर. तेच बाहेर ओलांडायला
मला दीडशे पावलं लागतात.
कोन तेच्या ते, आणि प्रत्येक बाजू त्याच एका पटीने वाढलेली.
कुणाला झुकतं माप नाही.

"म्हणजे कोन सारखे असले की झालं?"
इथेच सगळे फसतात.
त्रिकोणाचं भागतं तेवढ्यावर, चौकोनाचं नाही.
आमच्या खोलीचे चारही कोन काटकोन,
पलंगाचेही.
पण खोली चौरस, पलंग लांबट.
खोली कितीही आटवली तरी तिचा पलंग होत नाही.
(आठ जणांनी प्रयत्न करून पाहिलाय.)

"मग नुसत्या बाजू?"
त्याही नाहीत. परवा वाळूच्या वाऱ्यात
फाटकाची चौकट कलली.
चारही पट्ट्या होत्या तेवढ्याच,
पण चौरसाचा नुसता समभुज चौकोन उरला
आणि कडी काही केल्या लागेना.

ती लिहून घेतेय, पेनाचा आवाज येतो.
मागच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा
आई, सुनंदा, श्रीजा, मी, होतो तेवढेच होतो.
ताटं मांडली, आणि माझी बसायची जागा कोणती
हे कुणालाच आठवेना.

एक लक्षात ठेव, पेपरात हमखास येतं:
बाजू दुप्पट झाली की फरशा दुप्पट लागत नाहीत,
चौपट लागतात.
भलेभले कंत्राटदार चुकतात यात.
मीही चुकलो होतो,
दोन वर्षांचा करार चार वर्षांचा केला तेव्हा.

"थांबा, कॅमेरा लावते."
मी पाठवलेल्या खजुराच्या खोक्यातून
तिने कापलेत दोन षटकोन.
एकावर एक ठेवते, बोट फिरवते.
जुनं बोट नाही हे. लांब झालंय,
आणि मनगट मात्र त्या पटीने नाही.

"अडतंय, बाबा."
कुठे?
"सांगता येत नाही."

सावकाश, म्हणतो. पुन्हा फिरव.
मी इथेच आहे.