बाकाची खाच

आडनाव बडिगेर. म्हणजे कानडीत सुतार.
घरी मराठी.
कॅम्पात कामाला गेलो की दोन्हीकडचे लोक
मला आपला धरतात
आणि मजुरीत सारखीच घासाघीस करतात.

चर्चातली बावीस बाकं दुरुस्तीला आली.
सागवान. दांडेलीकडचं असणार.
रंधा फिरवला की दीडशे वर्षांखालून
अजून तेलकट वास येतो.
वाळवी आलेली ती फक्त पायांशी,
गुडघ्यापर्यंत चढून थांबलेली,
जणू तिलाही आत यायला परवानगी लागते.

प्रत्येक बाकाच्या पाठीवर, हात-हात अंतरावर,
अर्धगोल खाच. तीन बोटं रुंद.
कड इतकी गुळगुळीत
की मला वाटलं, मेणबत्तीची असेल.

शांतवन मामा घंटेच्या दोराला गाठ मारत होते.
म्हणाले, बंदुकीची.

उत्तरेत कुठंतरी
रविवारी संध्याकाळी बंड उठलं म्हणे.
तेव्हापासून गोरा शिपाई
देवापुढं रिकाम्या हातानं बसेना.
गुडघे टेकायचा, डोळे मिटायचा,
नळी मात्र खाचेत उभी.
देवावर भरवसा होता. फक्त देवावर नव्हता.

मी मान वर केली.
छताच्या तुळया उलट्या ठेवलेल्या होडीसारख्या,
कमानी टोकाला मिटलेल्या.
बाहेरून जांभ्याच्या भिंतींना दगडी धिरे,
एवढ्या जाड भिंतीलाही
धीर द्यायला कोणीतरी बाहेर उभं लागतं.
पश्चिमेची भिंत काळी, शेवाळलेली:
नकाशा ज्यानं काढला
त्याला सह्याद्रीकडून येणारं पाणी ठाऊक नव्हतं.
ओळंबा सोडून पाहिला, सवयीनं.
भिंत सुताएवढीही ढळलेली नाही.
बांधणाऱ्याला पाणी ठाऊक होतं.

पितळी पाटीवर एक लेफ्टनंट, वय बावीस, कॉलरा.
खाली त्याच आठवड्यातली एक मुलगी, अकरा महिने.
तिचं नाव पुसून पुसून झिजलंय,
शांतवन मामा तिथं ब्रासो जरा जास्त लावतात.

तिसऱ्या दिवशी बाक उलटं केलं.
खाली पटाशीनं कोरलेला आकडा.
सगळी उलटी करून पाहिली:
अकरापर्यंत मराठी, बारापासून कानडी.
दोन सुतार असतील.
किंवा एकच,
मधे भाकरी खाऊन आलेला.

कमिटीनं सांगितलं, खाचा बुजवा.
आता शोभत नाहीत, लहान मुलं विचारतात.
मी सागाचे तुकडे कापले, गोलाई मिळवली,
सरस लावला.
पहिल्या बाकाच्या चार खाचा
अशा बुजवल्या की बोट फिरवून सापडू नयेत.
मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं.

रविवारी सलोमीबाई नंदगडकर आल्या.
आधी इंग्रजी प्रार्थना, मग कानडी, मग मराठी,
त्या तिन्हींना बसतात,
घरी पंखा नाही म्हणतात.
सवयीनं काठी पुढच्या बाकाला लावली.
काठी घसरली, फरशीवर पडली,
त्या आवाजानं पाळक आमेनच्या आधीच थांबले.

बाई मागं वळून माझ्याकडं बघत म्हणाल्या,
"हे काय करून ठेवलास रे?
चाळीस वर्षं माझी काठी इथं उभी राहत होती."

तेव्हा दिसलं.
मागच्या अठरा खाचांत छत्र्या,
एकीत दुधाची पिशवी अडकवलेली,
एकीत कुणाचं तरी हेल्मेट, पट्ट्यानं लोंबणारं.

सोमवारी पटाशी घेऊन बसलो.
तीन तुकडे निघाले.
चौथा निघाला नाही, सरस फार चांगला बसला होता.
कमिटीला म्हणालो, लाकूड संपलं.
मजुरी चारच खाचांची घेतली,
तीही त्यांनी पन्नास रुपये कापून.

निघालेले तुकडे पिशवीत टाकले.
एक आमच्या मागच्या दाराखाली पाचर म्हणून बसलाय,
वारा सुटला की दार आपटत नाही.