जमणी बाजू

दांडिया बाजार ते मकरपुरा, फोन म्हणतो बावीस मिनिटं.
मला छत्तीस लागतात.
शेजारी बसलेली हेतल विचारते,
"पद्मजाताई, तुम्ही असं फिरून का जाता?"

कधी म्हणते, या रस्त्याला कडुनिंबाची सावली आहे.
कधी, तिकडे गटाराचं खोदकाम चाललंय.
चाललं होतं खरंच, मागच्या मार्चपर्यंत.
एकदा म्हटलं, लालबागेपाशी गायी बसतात.
गायी सगळीकडेच बसतात.

एकोणपन्नासाव्या वर्षी गाडी शिकले.
किरीटभाईंची जुनी मारुती, त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक.
"बेन, जमणी बाजू जोजो," दर चौकात.
जमणी म्हणजे उजवी.
मला तीच जमली नाही.

समोरून येणारी बस, बसमागचा छकडा,
छकड्यामागे सायकलवर पाव घेऊन येणारा मुलगा,
या सगळ्यांना मधोमध अडवून
"थांबा, मला जायचंय" म्हणायला
जो आवाज लागतो
तो मी घरातसुद्धा कधी लावला नाही.

म्हणून डावं, पुन्हा डावं,
सर्कलला अख्खा वळसा, आणि डावं.
फोनमधली बाई सांगत राहते, उजवीकडे वळा.
मग जराशी गप्प होते
आणि न चिडता नवा रस्ता शोधते.

हिशेबखात्यातले जगदीशभाई न्यायमंदिरावरून येत नाहीत,
तिथल्या पानवाल्याची उधारी आहे.
त्यांना कोणी विचारत नाही.

संध्याकाळी पंचाईत.
सकाळचं प्रत्येक डावं वळण परतताना उजवं होतं.
तेव्हा येताना मुजमहुड्यावरून, नदी ओलांडून.
एक उजवं आहे त्यात, पण त्याला हिरवा बाण आहे.
बाण लागला की बाकीचे आपणच थांबतात.
पुढे पुलाखाली, विश्वामित्रीच्या चिखलात
एखादी मगर पडलेली असते, जबडा उघडा टाकून,
कुठेच जायचं नसल्यासारखी.

काल सिग्नलच बंद होता.
मी थांबले. मागे हॉर्न. त्यामागे आणखी हॉर्न.
स्टिअरिंगवर हात ओले.
हेतल दार उघडून उतरली,
चौकाच्या मधोमध जाऊन
डब्याची पिशवी उंच धरली.
बस थांबली. छकडाही.

परत येऊन बसली तेव्हा धापा टाकत होती.
पुलावर म्हणाली, "आज दिसली नाही मगर."

आज सकाळी तिने काही विचारलं नाही.
सर्कल आलं तसा
माझा फोन उचलून मांडीवर पालथा घातला.
आतून बाई म्हणतच होती, उजवीकडे.