गार इंजिन

रझाक मिस्त्रीने एकच सांगितलं होतं:
रंग नका बघू मॅडम, आधी इंजिनाला हात लावा.
गरम असेल तर मालक काहीतरी लपवतोय.

गरम होतं.
ओर्लेममध्ये, चर्चमागच्या गल्लीत,
डिमेलो अंकल नजर चुकवत म्हणाले,
"आत्ताच चक्कर मारून आलो, पाव आणायला."
पाव कुठे दिसला नाही.

बसून बघितलं.
शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एखाद्या गाडीने
माझ्या उंचीची चौकशी न करता जागा दिली:
दोन्ही टाचा जमिनीवर, सपाट,
आणि हँडल असं पुढे आलेलं
जसा कुणी चहाचा ट्रे धरावा.

टाकीला डावीकडे पोचा.
मागच्या दांडीवर बारीक ओरखडे, पुष्कळ, एकाच जागी.
"मिसेसच्या बांगड्या," ते म्हणाले.
किंमत मात्र उतरवली नाही.

"उद्या सहाला येते. तोवर चावी लावू नका."

सकाळी सीटवर मांजर. अंकल बनियनवर, दाढी वाढलेली.
पोराचा ताप बघावा तसा हात ठेवला.
गार.
बटण दाबलं, खोकली. परत दाबलं, परत खोकली.
मग त्यांनीच चोक ओढून तिला चुचकारलं,
माझ्यासमोर, काही न लपवता:
"सकाळची अशीच असते. पाच मिनिटं द्यायची."

दिली. पैसेही दिले.

मार्वे रोडला वळेपर्यंत दोनदा बंद पडली.
ती चूक माझी, क्लच अजून सुटत नाही नीट.
आरशात अंकल फाटकाशी,
हात अर्धाच वर,
टाटा करायचा की थांबवायचं
ते ठरत नसल्यासारखा.